तपासणी फुकट, पण दिवसाचे पैसे कोण देणार?

नमस्कार मंडळी. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी फुकट, रक्त-लघवी फुकट, लोहाच्या गोळ्या फुकट. मग ऊसतोडीला गेलेली बीडची बाई सातव्या महिन्यातही डॉक्टरांकडे का जात नाही? "अडाणी असतात हो," हे उत्तर कमेंटमध्ये लिहू नका. आधी हिशोब बघा.

ऊसतोडीत एकटा मजूर मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. (पोरांची लग्नं लवकर उरकण्यामागे हेही एक कारण आहे. जोडी झाली की उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते.) दिवाळीच्या सुमारास टोळी निघते. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती हंगाम संपेपर्यंत फेडायची.

टनाला साधारण साडेतीनशे रुपये. जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. बाईला दवाखान्यात न्यायचं तर नवराही जाणार, म्हणजे कोयता बंद. पाचशे-सातशेची मजुरी बुडाली. वर मुकादम खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लावणार, बहुतेक ठिकाणी पाचशे, कुठे हजारसुद्धा. म्हणजे फुकटची एक तपासणी हजाराला पडली! हंगामात तीन झाल्या की तीन हजार. गरोदर बाईला सरकार पैसे देतं त्या मातृवंदना योजनेचा पहिला हप्ता किती? तीन हजार. तोही आधी नोंदणी आणि तपासणी झाली, आधार खात्याला जोडलेलं असलं, तर.

बरं, नोंदणी गावच्या आशाताईकडे आणि बाई सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडावर. तिथल्या आशाताईच्या यादीत तिचं नाव नाही. माता-बाल कार्ड घरीच राहिलं, तर आधीचं हिमोग्लोबिन किती होतं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, हे नव्या डॉक्टरांना कसं कळणार? आणि ही बाई पहाटेपासून डोक्यावर मोळ्या वाहतेय. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय. अशा बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जिवावर बेतू शकतं.

कायद्याने नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा आहे. ती हवीच. पण ऊसतोडीच्या दराची बोलणी होतात, तेव्हा तपासणीच्या दिवशी खाडा लावायचा नाही, एवढी एक ओळ करारात का येऊ नये?

तुमच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या (झोपड्या) पडल्या असतील, तर आशाताईंच्या कानावर घाला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची खास तपासणी असते. आणि मुकादम ओळखीचा असेल, तर त्या दिवसाच्या खाड्याचं आधीच बोलून घ्या.