राइड तीच, पण तीच का?

जानेवारी २०२३. ईबे या ऑनलाइन विक्रीच्या साइटवर लोक पाणी विकत होते. साधं पाणी, बरणीत भरलेलं, आणि खाली लिहिलेलं की हे स्प्लॅश माउंटनचं पाणी आहे, अगदी अस्सल. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कमध्ये २२ जानेवारीला ही राइड शेवटची चालली आणि दुसऱ्या दिवसापासून बंद झाली, मग लोकांनी काय करावं, तर जाता जाता पाण्यात बाटली बुडवली. हसू येतं ना? मलाही आलं होतं. पण मग मी त्या राइडचे जुने व्हिडिओ बघत बसलो, एक झाला की दुसरा, रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही, आणि हसणं कुठल्या कुठे गेलं.

(इथे जुनं फुटेज. म्युझिक टाकू नका, पाण्याचा आवाज तसाच राहू दे.)

राइड काय होती, तर ओंडक्याच्या आकाराची होडी, दहाएक मिनिटांचा प्रवास, आजूबाजूला गाणारे-बोलणारे यांत्रिक प्राणी आणि शेवटी सुमारे ५० फुटांवरून धाडकन खाली. गोष्ट एका सशाची, ब्रेर रॅबिटची. कोल्हा त्याला पकडतो, ससा गयावया करतो की बाबा माझं काय वाट्टेल ते कर पण त्या काटेरी झुडपात तेवढं टाकू नकोस, आणि कोल्हा नेमकं तेच करतो. आता गंमत बघा, होडी शेवटच्या चढावर हळूहळू वर सरकत असते तेव्हा वर दोन गिधाडं बसलेली असतात आणि ती तुम्हाला टोमणे मारत असतात, म्हणजे ससा तुम्हीच, काटे खाली, आणि आता उतरायची सोय नाही. पोटात गोळा यायचा तो उतारामुळे थोडा आणि त्या गिधाडांमुळे जास्त.

मग ही राइड बंद करून बदलली कशाला? तर ही सगळी पात्रं आली होती १९४६ च्या 'साँग ऑफ द साउथ' या सिनेमातून, आणि त्यात गुलामगिरीनंतरच्या काळातलं मळ्यावरच्या कृष्णवर्णीयांचं आयुष्य इतकं गोडगोड दाखवलंय की खुद्द डिस्नेनेच तो अमेरिकेत व्हिडिओवर कधी काढला नाही. जून २०२० मध्ये बदल जाहीर झाला आणि २०२४ मध्ये, जूनला फ्लोरिडात आणि नोव्हेंबरला कॅलिफोर्नियात (तिथेही हीच राइड होती), त्याच डोंगरात टियानाज बायू ॲडव्हेंचर ही नवी राइड सुरू झाली. माझं मत विचाराल तर बदलायलाच हवी होती, त्यात फार वाद घालण्यासारखं काही नाही. नवीन यांत्रिक बाहुल्या तर कमाल आहेत, चेहरे इतके जिवंत की जुन्या प्राण्यांचे मळकट व्हिडिओ त्यांच्यापुढे केविलवाणे वाटतात.

पण पाण्याचा मार्ग तोच, चढ तोच, उतार तोच, आणि तरी लोक म्हणतात आमची राइड गेली. का? कारण नवीन गोष्टीत डिस्नेची राजकुमारी टियाना पार्टीसाठी वादक शोधतेय. छान आहे, गाणी आहेत, पण खलनायकच नाही. तुम्ही त्या शेवटच्या चढावर चाललाय आणि कोणी तुमच्या मागे लागलेलं नाही, कोणी धमकी देत नाहीये, आणि मग एकदम ५० फूट खाली. आता तो फक्त एक उतार आहे. मजा येते, ओरडायलाही होतं, पण त्या गिधाडांची सर नाही.

आणि एक गोष्ट या सगळ्या रडारडीत फारशी कोणी सांगितली नाही. कॅलिफोर्नियातली मूळ स्प्लॅश माउंटन १९८९ ची, आणि तिच्यातले कितीतरी प्राणी नवीन बनवलेलेच नव्हते, ते 'अमेरिका सिंग्ज' नावाच्या शोमधून उचलून आणले होते, जो १९७४ ला सुरू झाला आणि १९८८ ला बंद. म्हणजे ज्या राइडसाठी लोकांनी बाटल्या भरल्या ती स्वतःच दुसऱ्याच्या घरातलं सामान आणून सजवलेली. त्या शोसाठी कोणी बाटली भरली नाही. अर्थात तिथे पाणी नव्हतं म्हणा.

आता जरा इंग्लंडला चला. ऑल्टन टॉवर्स पार्क, नेमेसिस नावाचा रोलर कोस्टर, १९९४. या पार्कला झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधायची परवानगी नव्हती, मग त्यांनी काय केलं तर वर जाता येत नाही ना, चला खाली जाऊ, म्हणून खडक फोडून खड्डे केले आणि कोस्टर त्या खड्ड्यात बसवला. पाय लटकत असतात, खडक अगदी जवळून सर्रकन जातो, खाली लाल रंगाचं पाणी वाहतंय. उंची फार नाही, स्पीडही आजच्या मानाने बेताचाच, पण विचारा कोणाही कोस्टरवेड्याला, डोळे चमकतात.

नोव्हेंबर २०२२ ला हा कोस्टर बंद केला आणि जवळजवळ सगळा ट्रॅक काढून टाकला. लोखंड म्हातारं झालं होतं, करणार काय. नवा ट्रॅक जुन्याच मापाने बनवला, वळण न वळण जिथल्या तिथे, काळा रंग, त्यावर लाल शिरा, आणि मार्च २०२४ ला नेमेसिस रीबॉर्न म्हणून परत उघडला. म्हणजे बघा हं, जुना ट्रॅक जवळपास सगळा भंगारात, आणि लोक म्हणतायत आमचा नेमेसिस परत आला! स्प्लॅशला मार्गाचा एक इंच हलवला नाही आणि राइड गेली, इथे सगळं लोखंड बदललं आणि राइड परत आली. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की डोकं गरगरतं, कोस्टरमध्ये न बसता.

आता परत डिस्नेकडे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची पायरेट्स ऑफ द कॅरिबियन घ्या. मार्च १९६७ ची राइड, वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ ला गेले, म्हणजे शेवटी शेवटी स्वतः लक्ष घालून करून घेतलेली आणि उघडलेली बघायला मिळाली नाही ती ही. हात लावायला सगळे घाबरणार असं वाटेल, पण नाही. आधी चाचे बायकांच्या मागे धावायचे, १९९७ ला ते दृश्य बदललं. २००३ ला राइडवरून सिनेमा निघाला, तो इतका चालला की २००६ ला सिनेमातला जॅक स्पॅरो राइडमध्ये आणून बसवला, म्हणजे पोराने मोठं होऊन बापाच्या घराची रंगरंगोटी केली म्हणायची. आणि २०१८ ला ते लिलावाचं दृश्य, जिथे लाल केसांच्या बाईला चाचे विकायला काढायचे, ते गेलं, आता तीच बाई हातात बंदूक घेऊन चाच्यांच्या टोळीत उभी आहे. मला हा बदल भयंकर आवडतो, कारण तिला काढून टाकलं नाही, तिचे केस तेच, जागा तीच, फक्त आता ती विकली जात नाहीये. आरडाओरडा इथेही झाला. पण अंधार तोच राहिला, ते गाणं तेच, आणि त्या पाण्याचा वास तोच राहिला, ज्याच्यावर लोक एवढे फिदा आहेत की त्या वासाच्या मेणबत्त्या निघाल्यात.

सगळ्याच जुन्या राइड लाडक्या असतात असंही नाही. अमेरिकेतल्या ओहायोत सीडर पॉइंट नावाचा पार्क आहे, तिथे मीन स्ट्रीक नावाचा लाकडी कोस्टर होता, १९९१ चा, १६१ फूट उंच, आणि नावाप्रमाणे खरंच दुष्ट. लाकडी कोस्टरमध्ये लाकडाच्या फळ्या एकावर एक रचून त्यावर लोखंडाची पातळ पट्टी असते, चाकं त्यावर वर्षानुवर्षं आदळतात, लाकूड सैल होतं, मग गाडी ठेचकाळत जाते आणि तुमची पाठ, मान, सगळं खिळखिळं. २०१६ ला बंद झाला तेव्हा दुःख वगैरे फारसं कोणाला झालं नाही. मग रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन ही कंपनी आली, लाकडाचा सांगाडा बराचसा ठेवला, वर पोलादी ट्रॅक घातला, उंची २०५ फुटांवर नेली, पहिला उतार सरळ ९० अंशांचा, चार वेळा उलटं डोकं, आणि २०१८ ला नाव ठेवलं स्टील व्हेंजन्स. पार्क सांगतं की एका फेरीत २७ सेकंदांपेक्षा जास्त वेळ तुम्ही सीटवरून उचललेले असता. हीच युक्ती त्यांनी २०११ ला टेक्सासमध्ये टेक्सास जायंटवर पहिल्यांदा केली होती. इथे कोणी नाही म्हटलं की आमची राइड गेली. सुटलो म्हणाले!

मधे एक व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणाऱ्या हेडसेटचं, खूळ येऊन गेलं. २०१६ च्या आसपास, जुन्या कोस्टरवर हेडसेट चढवा की झाली नवीन राइड. ऑल्टन टॉवर्सनेच २००२ च्या एअर नावाच्या कोस्टरचं गॅलॅक्टिका करून टाकलं. प्रत्येकाच्या डोक्याला हेडसेट बांधायचा, घट्ट करायचा, परत पुसायचा, तोपर्यंत रांग मारुतीच्या शेपटीसारखी वाढतेय, आणि व्हिडिओ गाडीपेक्षा जरा मागे पडला की मळमळ. दोनेक वर्षांत गुंडाळलं. बरं झालं. उडायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची ही कल्पना कोणाला सुचली देव जाणे.

आणि टॉप थ्रिल ड्रॅगस्टर. हाही सीडर पॉइंटचाच, २००३, ४२० फूट उंच, जेमतेम चार सेकंदांत ताशी १९० किलोमीटरच्या वर आणि १७ सेकंदांत खेळ खल्लास. रेसच्या सुरुवातीला असतात तसे दिवे लागायचे, एक एक करून, आणि ती जी शांतता असायची ना, हिरव्याच्या आधीची, त्या शांततेसाठी लोक तासन् तास रांगेत उभे राहायचे. कधी कधी गाडी टोकापर्यंत पोचायची नाही आणि तशीच मागे घसरत यायची, याला म्हणतात रोलबॅक, आणि वेडे लोक देवाला साकडं घालायचे की आमच्या फेरीला रोलबॅक होऊ दे. ऑगस्ट २०२१ ला गाडीचा धातूचा तुकडा उडून रांगेतली एक बाई गंभीर जखमी झाली आणि जुना ड्रॅगस्टर संपला. मे २०२४ ला टॉप थ्रिल २ म्हणून आला, आता हायड्रॉलिकने (तेलाच्या दाबाने) नाही तर चुंबकाने ढकलतात, आधी पुढे, मग उलटं मागे दुसऱ्या ४२० फुटांच्या मनोऱ्यावर, मग परत पुढे. आठवडाभर चालला आणि गाड्यांच्या अडचणीने बंद, थेट २०२५ ला परत. आता मोठी फेरी मिळते, जास्त मिळतं, सगळं जास्त. रोलबॅकसाठी जे साकडं घालावं लागायचं ना, तो मागे जायचा प्रकार आता तिकिटातच आहे. मग साकडं कशाला घालणार.

कधी कधी मात्र गेलेलं परतही येतं. डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शन या भुताच्या बंगल्याच्या राइडमध्ये १९६९ ला एक भूत बसवलं होतं, हातात टोपीचा डबा, मुंडकं खांद्यावरून गायब होऊन डब्यात दिसणार अशी ट्रिक. पण मुंडकं धड गायबच होईना! थोड्याच दिवसांत काढून टाकलं. पुढे ज्यांनी ते कधी पाहिलंच नाही असे लोक त्याची चित्रं काढत राहिले, त्याच्याबद्दल बोलत राहिले, आणि २०१५ ला, म्हणजे ४६ वर्षांनी, ते परत आलं, आता मुंडकं व्यवस्थित गायब होतं.

आणि एक जण अजून वाट बघतोय. फ्लोरिडाच्या ॲनिमल किंगडममध्ये एक्स्पिडिशन एव्हरेस्ट नावाचा कोस्टर आहे, २००६ चा, डोंगरात सुमारे २५ फुटांचा यती, म्हणजे हिममानव. सुरुवातीला तो खरंच हलायचा, अंगावर यायचा, गाडीवर झडप घालायचा. मग काही महिन्यांतच थांबला तो थांबलाच. ज्यांनी ही राइड घडवली ते जो रोडी सगळ्यांसमोर म्हणाले होते की मी यती एक ना एक दिवस दुरुस्त करीन, आणि मग ते रिटायरही झाले. सध्या त्याच्यावर लाइट लुकलुकवतात म्हणजे तो हलल्यासारखा वाटावा, आणि लोकांनी त्याचं नाव ठेवलंय डिस्को यती. इतक्या राइड बदलल्या, कोणाला काढलं, कोणाला आणलं, आणि हा एक अपडेट जो अख्खं जग मागतंय तो काही येत नाही. गाडी त्याच्या हाताखालून जाते, दोन सेकंद लाइट चमकतो, हात वरच असतो.

(यतीवर थांबा. इथेच कट.)