एकाच नावाच्या दोन बाटल्या
(जळगाव येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

रावेर-यावलकडून आलेल्या मंडळींना टिश्यूकल्चरची केळी मी काय सांगणार! एका निवडक झाडापासून हजारो रोपं, सगळी एकसारखी. आमच्या कर्करोगाच्या प्रयोगशाळेतही असंच चालतं. रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या पेशी बाटलीत वर्षानुवर्षं वाढवायच्या, देशोदेशी पाठवायच्या. त्याला म्हणतात सेल लाईन. रोपांसोबत चिठ्ठी येते तशी पेशींसोबतही येते, आणि आज मला बोलायचंय ते या चिठ्ठीबद्दल.

माझा विषय मर्केल सेल कार्सिनोमा. त्वचेचा दुर्मीळ कर्करोग. बहुतेक करून गोऱ्या कातडीच्या, वय झालेल्या माणसांना होणारा, पण पसरला की झपाट्याने पसरणारा. २००८ साली पिट्सबर्गमध्ये युआन चांग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाला या गाठींच्या डीएनएत एक नवा विषाणू, पॉलिओमाव्हायरस, घुसलेला सापडला. दहातल्या साधारण आठ गाठींत तो असतो. उरलेल्यांत विषाणू नसतो. तिथे सूर्यातल्या अतिनील किरणांनी डीएनएची पार चाळण केलेली असते. (आपल्या मे महिन्यातल्या उन्हाच्या झळा वेगळ्या, अतिनील किरण वेगळे. दोन्ही एकत्र करू नका.)

आता बाटल्या पाहा. एमकेएल-१ आणि वागा या विषाणूवाल्या लाईनी. बाटली उजेडात धरली की गुलाबी द्रवात पेशींचे पुंजके तरंगताना दिसतात, ताक घुसळल्यावर लोण्याचे कण दिसतात तसे. एमसीसी-१३, एमसीसी-२६ आणि युआयएसओ या विषाणू नसलेल्या. यांच्या पेशी तळाला घट्ट चिकटून पसरतात. एन्झाइम घातल्याशिवाय सुटत नाहीत.

फरक दिसण्यापुरता नाही. पेशीच्या विभाजनावर आरबी नावाचं प्रथिन लगाम ठेवतं. विषाणूचं लार्ज टी हे प्रथिन त्या आरबीलाच पकडून ठेवतं. वागा किंवा एमकेएल-१मध्ये विषाणूची ही टी प्रथिनं बनणं थांबवलं, की पेशींची वाढ खुंटते. म्हणजे त्या अजूनही विषाणूच्याच जिवावर जगत असतात. विषाणू नसलेल्या गाठींत बहुधा आरबीचा जीनच बिघडलेला, सोबत पेशीची बेलगाम वाढ रोखणाऱ्या पी-५३ या प्रथिनाचाही. लगाम तुटतो तो दोन्हीकडे, पण एकीकडे विषाणूमुळे, दुसरीकडे उन्हातल्या अतिनील किरणांमुळे.

मला सगळ्यात जास्त छळतं ते पुढचंच. मर्केलची गाठ ओळखायची खूण म्हणजे सीके-२० हे प्रथिन आणि चेतापेशींशी नातं सांगणारी काही प्रथिनं. एमसीसी-१३, एमसीसी-२६ आणि युआयएसओमध्ये या खुणा जवळजवळ दिसतच नाहीत. रुग्णांच्या गाठींतल्या जीन्सच्या कामाशी त्यांचं काम ताडून पाहिलं, तेव्हाही त्या फारच लांब पडल्या. विषाणू नसलेल्या खऱ्या गाठींतही या खुणा असतात, त्यामुळे ‘विषाणू नाही म्हणून वेगळ्या’ एवढ्यावर भागत नाही. चिठ्ठीवर मर्केल लिहिलंय, पण आतल्या पेशी खरंच मर्केलच्या आहेत का, हीच शंका येते.

मी पूर्वी एका प्रयोगशाळेत होते. तिथे आठ महिने एक औषध फक्त एमसीसी-१३वर तपासलं. निकाल छान आले. एमकेएल-१वर घातलं, काही झालं नाही. त्या आठ महिन्यांत सीके-२० बघायला एक दुपार पुरली असती. कुणी बघितलं नाही, मीही नाही. औषधाची वाट पाहणारा माणूस डोळ्यांसमोर आला की ते अजून टोचतं.

आता माझ्याकडच्या प्रत्येक बाटलीवर लाईनच्या नावाखाली तीन ओळी असतात: विषाणू आहे की नाही, सीके-२० आहे की नाही, आणि डीएनएची ओळखतपासणी शेवटची कधी केली ती तारीख.