हजेरीपटावरची गावं

मंडळी, नमस्कार.

इथं टोरांटोत आपल्या मंडळाचा सभासद झालो तेव्हा फॉर्मवर एक रकाना होता, ‘महाराष्ट्रातील जिल्हा’. मी ‘बेळगाव’ लिहिलं. शेजारी बसलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, “अहो, ते कर्नाटकात ना?” मी म्हटलं, “वहिनी, बेळगाववरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागला की खोडायचं की ठेवायचं ते बघू.” अजून खोडलेलं नाही.

यंदा जानेवारीत आमच्या बी.कॉम.च्या वर्गाचा मेळावा झाला, त्याबद्दल बोल असं अध्यक्षांनी सांगितलंय. आम्ही १९८८ साली बाहेर पडलो. कॉलेज टिळकवाडीतलं, पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची, गप्पा मराठीत आणि कंडक्टरशी कन्नड. वर्गात नुसते पाटीलच अकरा होते. त्यामुळे आडनावाचा उपयोग नव्हता, हाक गावाच्या नावानं. येळ्ळूर, उचगाव, कडोली, वडगाव, निपाणी. मी शहापूर. साठीला टेकलो तरी हाका त्याच. हॉलच्या दारातच कुणीतरी ओरडलं, “काय रे शहापूर, सुकलास की!”

उचगावपासून सुरुवात करतो. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं तेव्हा हा वर्गातला सगळ्यात मोठा आवाज. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दर १ जूनला आजही न चुकता जातो. आणि दर शनिवारी, बाजाराच्या दिवशी, एका चहाच्या गाडीपाशी बाकडं टाकून काय करतो? लोकांचे अर्ज लिहून देतो. कन्नडमधून! खेड्यातून म्हाताऱ्या येतात, हातात नोटीस नाहीतर जमिनीचा उतारा. सगळं कन्नडमध्ये. हा आधी मराठीत समजावतो, मग उत्तर कन्नडमध्ये लिहितो. एक पैसा घेत नाही. मी चिडवलं, “घोषणा देत होतास ना?” तो म्हणाला, “घोषणा सक्तीविरुद्ध होती रे. भाषेनं माझं काय घोडं मारलंय? आणि त्या म्हातारीची जमीन गेली तर मराठीत रडून परत मिळणार आहे काय?” मग हसून म्हणाला, “अर्जाला ते अर्जी म्हणतात, उताऱ्याला उतारच. भांडण कुठल्या शब्दावरून चाललंय तेच कधीकधी कळत नाही.”

हे वाक्य तिथल्या सभेत उभं राहून बोलायची त्याची छाती नाही, हेही त्यानंच सांगितलं.

येळ्ळूरनं पतसंस्थेतली नोकरी सोडून बेळगाव बासमती लावलाय. आपण इथं दुकानातून आणतो तो लांब दाण्याचा नव्हे. हा बारीक, आणि शिजायला लागला की शेजारच्या गल्लीला कळतं. एकरी उतारा कमी म्हणून लोकांनी सोडून दिला, यानं धरून ठेवला. हलगा-मच्छे बायपास त्याच सुपीक पट्ट्यातून काढल्यावर हा इतर शेतकऱ्यांबरोबर रस्त्यावर बसला. कॉलेजात हा इतका अबोल, की हजेरीला ‘येस सर’सुद्धा शेजारचा म्हणायचा.

निपाणी ही आमच्या वर्गातली मुलगी. आई तंबाखूच्या वखारीजवळच्या वस्तीत विड्या वळायची, हजारावर मजुरी. ही शिकली आणि अर्जुननगरच्या महाविद्यालयात शिकवायला लागली. निपाणी कर्नाटकात, अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात. म्हणजे बाई सकाळी स्कूटरला किक मारून राज्य ओलांडायच्या आणि दुपारी जेवायला परत कर्नाटकात. रेशन इकडचं, पगार तिकडचा. निवृत्तीनंतर आईच्या वयाच्या बायकांकडे जाऊन त्यांच्या आठवणी मोबाइलवर टिपून घेते. दोन वह्या भरल्यात. छापणार का विचारलं, तर म्हणाली, “आधी त्यांना वाचून दाखवते. एकीनं तीनदा दुरुस्त करायला लावलंय.”

वडगावच्या घरात माग होते. साड्यांचा धंदा बसत गेला आणि शेवटी यंत्रं भंगारात वजनावर गेली. त्याबद्दल तो फार बोलला नाही, मीही विचारलं नाही. पण शिवजयंतीच्या चित्ररथांचा विषय निघाला आणि गडी फुलला. गल्लीतल्या पोरांना जिजाऊंची नऊवारी हाच नेसवतो. मिरवणूक रात्रभर चालते, ट्रॉलीवर पोरं डुलक्या काढतात, पण पहाटेपर्यंत एक निरी सुटत नाही म्हणे. साडीतलं कळतं ते असं कामाला आलं.

पुण्या-मुंबईला गेलेले, बंगळूरला गेलेले, बँकेतून निवृत्त झालेले पुष्कळ. त्यांचं बरं चाललंय. सगळ्यांच्या गुडघ्यांचं आणि सुनांचं मी ऐकून घेतलं, इथं सांगत नाही.

जेवणात मांडे होते, वर कुंदा. मग एकेकानं उठून आपलं सांगायचं ठरलं. माझी पाळी आली. टोरांटो, इतकी वर्षं, अमुक पदावर, स्वतःचं घर, मुलगी अमुक शिकते, असं सगळं सांगून बसलो. टाळ्याही पडल्या. बाजूला उचगाव. तो म्हणाला, “ते नोकरीचं झालं. काय करायलास ते सांग की.”

मला पटकन काही सुचलं नाही. मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. गेल्या दहा वर्षांत मराठीत मी काय लिहिलं, तर वाढदिवसाच्या शुभेच्छा.

मला वाचवलं कडोलीनं. सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी अशा गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात. शहरात नव्हे, खेड्यात. ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कलश घेऊन चालतात, शेतकरी मांडवात बसून कविता ऐकतात. आमचा कडोली त्याच्या गावच्या संमेलनासाठी घरोघर वर्गणी मागत फिरतो. त्यानं खिशातून पावतीपुस्तक काढलं आणि माझ्या पुढ्यात टाकलं. “हे घेऊन जा. विमानात जड व्हायचं नाही.”

ते पुस्तक माझ्याबरोबर आलंय. पहिली पावती मी माझ्याच नावे फाडली. दुसरी मुलीकडून लिहून घेतली, ‘कडोली’तला ‘ळ’ की ‘ल’ यावर आमचा अर्धा तास गेला. जेवणाच्या सुट्टीत मी दाराजवळच्या टेबलाशी उभा असेन. सुटे पैसे माझ्याकडे नाहीत.