पाणी येतं किती फुटाला?

(दृश्य : सांगलीच्या विश्रामबागेतला एक छोटा कॅफे. रात्रीचे साडेआठ. तीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माइक, एक पिवळा दिवा.)

"मुलगी बघायला गेलो होतो. तिच्या वडिलांनी शिक्षण विचारलं नाही. पगार विचारला नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, 'पाव्हणं, तुमच्याकडं पाणी येतं किती फुटाला?'"

सांगलीच्या माणसाला यात हसू कशाचं, ते समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी इथं घराघरात विचारली जाते. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या प्रत्येक घराला स्वतःचा आकडा पाठ असतो. अमुक फुटाला पायरी, अमुक फुटाला उंबरा, त्याच्या वर गेलं की गाद्या माळ्यावर.

माइकसमोर स्टँड-अप करणारा, म्हणजे एकट्यानं उभं राहून विनोद सांगणारा, हा मुलगा 26 वर्षांचा आहे. दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. त्याच्या बोटांच्या पेरांवर हळदीचा रंग असतो, माइक धरला की तो दिव्यात दिसतो. हिशेबाच्याच एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर त्यानं आपले विनोद लिहिलेत.

(दृश्य : वहीची पानं, जवळून.)

हे एकच वाक्य या वहीत तीन वेळा आहे. पहिल्यांदा त्यानं लिहिलं, 'तुमच्याकडं किती फुटाला पाणी येतं, असं त्यांनी मला विचारलं.' पुढं फुली. लोक हसले नाहीत. हसायची जागा आली आणि हा अजून बोलतच होता, 'असं त्यांनी मला विचारलं' म्हणत. मराठीत क्रियापद शेवटी येतं. बोलायला ते सोयीचं आहे, पण विनोद सांगणाऱ्याच्या पायात येतं. हशाचा शब्द आधी निघून जातो आणि मागून क्रियापद चालत येऊन त्या हशावर पाय देतं. मग त्यानं 'विचारलं' पुढं घेतलं. थोडे लोक हसले. शेवटी 'येतं'सुद्धा उचलून अलीकडं ठेवलं, 'पाणी येतं किती फुटाला?' वाक्य 'फुटाला'वर थांबलं आणि खुर्च्या हलल्या. चहाचा कप तर त्यानंतर महिन्यानं आला. कप खाली ठेवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ लोकांना कान टवकारायला मिळतो.

एका वाक्यामागं एवढे दिवस. आमच्या मते ही कारागिरी आहे, आणि तिच्याकडं कारागिरी म्हणूनच बघायला हवं. मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा घासणाऱ्या माणसाकडं आपण बघतो, तसं.

त्याचा थोरला चुलता मात्र सुरुवातीला म्हणायचा, "एकटंच उभं राहून बडबडायचं, ह्याला काय कला म्हणत्यात व्हय?"

(दृश्य : विष्णुदास भावे नाट्यमंदिर, सकाळची वेळ.)

या प्रश्नाचं उत्तर शोधायला सांगलीसारखं गाव नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथंच, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' केलं. 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो तो त्याच आठवणीत. भाव्यांच्या खेळात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं बरीचशी भाषणं आयत्या वेळी जुळवायची. खेळ सुरू झाला की विदूषक यायचा. सूत्रधार त्याला विचारायचा, हा उत्तर द्यायचा, लोक हसायचे. म्हणजे आपल्या नाटकातला अगदी सुरुवातीचा हशा दोघांच्या बोलण्यातून आलाय. एक विचारणारा, एक उलट बोलणारा.

तमाशातही तसंच. गण झाला, गवळण झाली की बतावणी, म्हणजे हजरजबाबी विनोदी संवाद. तिथला विनोदी नट, सोंगाड्या, एकटा कधी नसतो. सरदार त्याला प्रश्न टाकतो, मागचे साथीदार, सुरत्ये, झील धरतात. सांगलीहून तासगावकडं जाताना कवलापूर लागतं. तमाशातली काळू-बाळू ही विनोदी जोडी या गावची. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगात दोघं हवालदार होऊन यायचे. त्यांचं नुसतं नाव काढलं तरी आमच्या भागातली म्हातारी माणसं आजही हसायला लागतात. परवा कवलापुरात एका पारावर आम्ही ते अनुभवलं. प्रश्न पुरा विचारायच्या आधीच समोरच्या आजोबांनी कमरेवर हात ठेवून हवालदार उभा केला.

मग एकट्यानं उभं राहणाऱ्याचं काय? त्याला प्रश्न कोण टाकणार?

आम्हाला या सगळ्या शोधात हाच प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला. कीर्तनकार एकटा दिसतो, पण त्याच्या मागं टाळकरी असतात. कथाकथनात तेही गेले. माणदेशचे व्यंकटेश माडगूळकर, त्यांच्याबरोबर शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार. या तिघांनी गावोगाव नुसत्या कथा सांगून माणसं हसवली. साठच्या दशकात पु. ल. देशपांडे 'बटाट्याची चाळ' घेऊन एकटेच रंगमंचावर आले आणि अख्खी चाळ त्यांच्या एका अंगात मावली. पुढं लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये 52 पात्रं एकट्यानं केली. मान एका बाजूला वळली की नवरदेवाकडचा बोलतो, दुसऱ्या बाजूला वळली की त्याला उत्तर येतं. सरदारही तेच, सोंगाड्याही तेच.

आणि आजचा हा हळदीच्या दुकानातला मुलगा? तो पात्रं फारशी करत नाही, स्वतःचंच सांगतो. त्याच्यासमोर सरदाराची जागा रिकामी आहे. ती प्रेक्षकानं भरायची. म्हणून तो वाक्य संपवून थांबतो. नवखा माणूस शांततेला घाबरतो आणि पुढचं वाक्य दामटतो. यानं थांबायला शिकायला वर्ष घातलं.

(दृश्य : पुण्याहून परतणारी रात्रीची एसटी. खिडकीशी बसलेला मुलगा.)

पाच मिनिटांच्या ओपन माइकसाठी, म्हणजे नवख्यांनाही माइक मिळतो अशा कार्यक्रमासाठी, पुण्याला जाऊन यायचं म्हणजे साडेचारशे किलोमीटरहून जास्त प्रवास. पहिल्या वेळी लोक हसले, पण 'पाव्हणं'ला हसले, 'तुमच्याकडं'ला हसले. पुराचा विनोद येईपर्यंत त्याच्या बोलीवरच हसून घेतलं होतं. तो आम्हाला म्हणाला, "मी विनोद सांगत होतो, आणि मलाच विनोद केलं." हे सांगताना त्यानं वहीचा कोपरा दुमडला आणि पुन्हा सरळ केला. पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीला हसण्याची सवय सिनेमांनी आणि मालिकांनी फार दिवस लावलीय, आणि ती मोडलीच पाहिजे असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यानं बोली बदलली नाही. आयर्विन पुलाची दोन वाक्यं सुरुवातीला जोडली, आकडे सांगितले. पुढच्या वेळी पुण्यातही 'फुटाला'वरच हशा आला.

आता मित्र मागं लागलेत. "रेकॉर्ड कर, टाक यूट्यूबवर." तो अडतोय, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. स्टँड-अपमध्ये तासाभराचा स्पेशल, म्हणजे एकट्याचा सलग कार्यक्रम, तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात. पाच-पाच मिनिटांचे तुकडे छोट्या ठिकाणी घासून घ्यायचे, मग ओवायचे. तो एकदा चित्रित होऊन बाहेर आला की बहुतेक कलाकार ते विनोद ठेवून देतात आणि नव्यानं सुरुवात करतात, कारण फोनवर ऐकलेला विनोद लोक सभागृहात पुन्हा ऐकून घेत नाहीत. आपल्या एकपात्रीचं उलटं होतं. 'वऱ्हाड'ला माणसं दुसऱ्यांदा, चौथ्यांदा जायची. वाक्य पाठ असायचं आणि तरी त्याची वाट बघत बसायची, कीर्तनातलं ओळखीचं आख्यान ऐकावं तशी. या मुलाकडं जेमतेम 12 मिनिटं आहेत. ती एकदा बाहेर सोडली की हातात काय उरणार, ही त्याची काळजी आहे. आणि ती खरी आहे.

(दृश्य : गावभाग, सांगलीची नदीकाठची जुनी वस्ती. अरुंद बोळ, भिंतीवर पुराची फिकट रेघ.)

गणपतीच्या दिवसांत गावभागातल्या एका मंडळानं त्याला बोलावलं. ज्यांच्या घरात खरंच पाणी शिरलं होतं, ती माणसं समोर सतरंजीवर. त्याचा चुलताही मागं, खांबाला टेकून. जायच्या आधी तो मुलगा आम्हाला म्हणाला, हा विनोद आज वगळतो. गाद्या, धान्य, पोरांची दप्तरं गेलीत यांची.

पण बोलता बोलता तो मुलगी बघण्यापर्यंत आला, आणि थांबणं त्याला जमेना. चहाचा कप खाली ठेवला. "पाव्हणं, तुमच्याकडं पाणी येतं किती फुटाला?"

सतरंजीवर क्षणभर काहीच नाही. तोही थांबला.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर सावरला आणि मोठ्यानं उत्तर दिलं, "आमच्याकडं 50 ला देवघर!"

बाजूनं कुणी ओरडलं, "48 ला कट्टा!" मागून, "53 ला टीव्ही!" बोळातून आकडे यायला लागले, आणि प्रत्येक आकड्यावर हशा वाढत गेला. मुलगा माइक खाली घेऊन नुसता उभा होता. मग आजींकडं वळून तो म्हणाला, "50 म्हणजे उंचावर हाय की घर. आजी, नात हाय का लग्नाची?"

खांबापाशी चुलता दोन्ही हातांनी टाळ्या देत होता.