बर्मिंगहॅमचे 69 वॉर्ड

वॉर्डाच्या हद्दी बदलल्या की निकाल बदलतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. प्रभागरचनेचा आराखडा जाहीर झाला की इच्छुकांच्या घरी रात्रभर दिवे चालू असतात. कुठली गल्ली आत आली, कुठली सोसायटी बाहेर गेली, कुणाचा गड फोडला, याचीच चर्चा. म्हणून आज मी बर्मिंगहॅमची 2018 सालची निवडणूक घेतली आहे. तिथे हद्दी मुळापासून बदलल्या, शंभरेक वर्षांत रुळलेली पद्धत मोडली, आणि पक्षांचं बळ मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं. मग बदललं काय? मला वाटतं, बदललं ते नगरसेवकाचं काम.

आधी जुनी व्यवस्था सांगतो. बर्मिंगहॅम हे लंडनखालोखालचं मोठं शहर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 10 लाख 73 हजार. पालिकेत 40 वॉर्ड, प्रत्येक वॉर्डात तीन नगरसेवक, एकूण 120. म्हणजे एका वॉर्डात सरासरी 26-27 हजार माणसं. हे तिघेही एकदम निवडून यायचे नाहीत. एका वर्षी पहिला, पुढच्या वर्षी दुसरा, त्यापुढच्या वर्षी तिसरा, आणि चौथ्या वर्षी सुट्टी. इंग्लंडमधल्या बऱ्याच पालिकांत आजही ही 'एक तृतीयांश' पद्धत आहे. तिचा फायदा असा की लोकांचा राग लगेच मतपेटीत उतरतो. तोटा असा की मे महिना तोंडावर असताना सत्ताधारी कुठलाही कडू निर्णय घ्यायला तयार नसतात, आणि मे महिना तर दर वर्षीच येतो.

2014 साली शहरातल्या काही शाळांच्या कारभारावरून 'ट्रोजन हॉर्स' नावाचं प्रकरण गाजलं. एक निनावी पत्र, त्यावरून चौकश्या, वर्तमानपत्रांतून धुरळा. त्या प्रकरणाच्या खोलात मी आज शिरत नाही, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आपल्या कामाचं एवढंच की त्यानंतर केंद्र सरकारने सर बॉब केर्सलेक यांना पालिकेचा एकूण कारभार तपासायला सांगितलं. ते सनदी सेवेचे माजी प्रमुख, त्याआधी शेफिल्ड पालिकेचे मुख्य अधिकारी, म्हणजे पालिका आतून पाहिलेला माणूस. त्यांचा अहवाल डिसेंबर 2014 मध्ये आला आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट होत्या: दर वर्षीची निवडणूक बंद करून चार वर्षांतून एकदा सगळ्या जागांची निवडणूक घ्या, आणि वॉर्डांची मांडणी नव्याने करा.

ही मांडणी कोण करतं, ते नीट ऐका. पालिका नाही, मंत्री नाही. इंग्लंडसाठी स्थानिक शासन सीमा आयोग आहे, 2010 पासून स्वतंत्रपणे काम करणारा, आणि तो संसदेला उत्तर देतो. तीन कसोट्या: प्रत्येक नगरसेवकामागे मतदार शक्य तितके सारखे असावेत, लोक ज्याला आपला भाग मानतात तो तुटू नये, आणि कारभार सोयीचा व्हावा. पहिली कसोटी आकड्यांची, तिसरी समजुतीची. भांडणं होतात ती दुसरीवर. आयोग मसुदा काढतो, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतो, नकाशा दुरुस्त करतो, मग अंतिम आदेश संसदेसमोर ठेवला जातो.

आपल्याकडे 2022 मध्ये काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मार्चमध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. मुंबईत आधीच्या सरकारने 227 चे 236 वॉर्ड केले होते, सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये ते पुन्हा 227 झाले. दोन्ही बाजूंकडे युक्तिवाद होते, मी त्यांत पडत नाही. पण ज्याला निवडणूक लढवायची आहे त्यानेच रेषा मारायची, यावर कुणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा तरी कशाला करायची?

म्हणजे तिकडे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. आयोगाच्या गणितात एक मोठी गोम आहे, आणि तिच्याबद्दल तिथेही फार कमी बोललं जातं. आपण जनगणनेची लोकसंख्या धरतो. ते धरतात मतदारयादी, आणि पाच वर्षांनंतर ती किती असेल याचा अंदाज. मतदारयादीत नाव नाही तो हिशेबात नाही. आता बर्मिंगहॅम हे तरुण शहर. स्पार्कब्रुक, लोझेल्स, अ‍ॅस्टन या भागांत घरटी मुलं जास्त. मुलं यादीत नसतात, पण शाळा, बागा, दवाखाना, सगळं त्यांच्यासाठीच लागतं. सटन कोल्डफील्डसारख्या उत्तरेकडच्या सुखवस्तू भागात घरातली बहुतेक माणसं प्रौढ आणि यादीत नोंदलेली. दोन्हीकडे नगरसेवकामागे मतदार सारखे आले की आयोगाचं काम चोख. पण दारात येणारी माणसं मोजली तर स्पार्कब्रुकच्या नगरसेवकाच्या वाट्याला कितीतरी जास्त.

त्यात 2014 च्या उन्हाळ्यापासून नोंदणीची पद्धत बदलली. पूर्वी घरातला एकजण सगळ्यांची नावं भरून द्यायचा, विद्यापीठं वसतिगृहांची यादी एकगठ्ठा द्यायची. आता ज्याने त्याने आपलं नाव स्वतः नोंदवायचं. भाड्याच्या खोलीतून दर वर्षी घर बदलणारा विद्यार्थी ते करतो का? बोर्नब्रुक आणि सेली पार्क या वॉर्डात, विद्यापीठाच्या शेजारच्या गल्ल्यांत, दारांवर सहा-सहा घंट्या दिसतात आणि यादीत एखादं नाव.

इथे जरा वाट सोडून एक सांगतो, कारण समोर बसलेल्यांपैकी काहींची मुलं तिकडे शिकायला किंवा नोकरीला आहेत. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथे कायदेशीर वास्तव्य असलेला भारतीय नागरिक मतदार होऊ शकतो. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. विद्यार्थी व्हिसावरचा पुण्याचा मुलगासुद्धा नगरसेवक निवडायला मत देऊ शकतो. निम्म्याहून जास्त मराठी मुलांना हे सांगितलं की ती माझ्याकडे संशयाने बघतात. आणि वर सांगितलेला हिशेब लक्षात घ्या: ती नोंदली गेली नाहीत तर त्यांचं फक्त मत जात नाही, त्यांच्या भागाचा नगरसेवकही पातळ होतो.

तर आयोगाने 120 चे 101 नगरसेवक केले आणि 40 चे 69 वॉर्ड. त्यातले 37 एका नगरसेवकाचे, 32 दोघांचे. तीन जणांचा एकही वॉर्ड उरला नाही. शहरात सात लाखांहून जास्त मतदार, म्हणजे एका नगरसेवकामागे ढोबळमानाने सात हजार.

नकाशावरची नावं वाचली तरी कुठे ओढाताण झाली असेल ते कळतं. एका वॉर्डाचं नाव 'स्पार्कब्रुक आणि बॉल्सल हीथ पूर्व', त्याच्या शेजारी 'बॉल्सल हीथ पश्चिम'. म्हणजे बॉल्सल हीथच्या मधून रेषा गेली, आणि निदान नावात तरी दोघांचं माहेर एक ठेवलं. सटन कोल्डफील्डचं उलट. हे गाव 1974 मध्ये बर्मिंगहॅमला जोडलं गेलं, तोवर ते वॉरिकशायरमधलं स्वतंत्र गाव होतं, आणि तिथली जुनी मंडळी अजून ते विसरलेली नाहीत. 2016 पासून त्यांची वेगळी नगर परिषदही आहे. नव्या नकाशात तिथले आठही वॉर्ड 'सटन'ने सुरू होतात: सटन ट्रिनिटी, सटन वेसी, सटन फोर ओक्स, सटन वाइल्ड ग्रीन. टपालाच्या पत्त्याला याची काही गरज नव्हती. मानाला होती.

मतदानाच्या दिवशीचं दृश्य सांगतो. सकाळी सात ते रात्री दहा. शाळेत, चर्चच्या सभागृहात, कुठे ग्रंथालयात केंद्र. यंत्र नाही, शाई नाही. कागदाची मतपत्रिका आणि दोरीला बांधलेली बुटकी पेन्सिल. तुमचा वॉर्ड दोघांचा असेल तर वर सूचना असते की दोनपेक्षा जास्त फुल्या मारू नका. आपल्या चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात, आरक्षण असतं, प्रत्येक जागेची लढत निराळी. तिथे तसं काही नाही. सगळे उमेदवार एकाच यादीत, आडनावाच्या अकारविल्हेनुसार, आणि ज्यांना सर्वांत जास्त मतं ते दोघे निवडून आले. एकाच पक्षाचे दोन उमेदवार यादीत दूरदूर पडतात. पक्षाचा भक्त पहिल्या नावावर फुली मारतो, खालचं नाव शोधायचा कंटाळा करतो किंवा दुसरी फुली शेजारच्या ओळखीच्या माणसाला देऊन टाकतो. त्यामुळे यादीत वर असलेल्याला थोडी जास्त मतं पडतात हा तिथल्या कार्यकर्त्यांचा नेहमीचा अनुभव. आगाशे वैद्यांपेक्षा सुखी.

एकापेक्षा जास्त जागांच्या मतदारसंघाचं गणित बर्मिंगहॅमला कुणी शिकवायला नको. 1867 च्या कायद्याने या शहराला संसदेत तीन जागा मिळाल्या, पण प्रत्येक मतदाराला मतं दोनच. हेतू असा की तिसरी जागा अल्पमतातल्या पक्षाला मिळावी. शहरातल्या लिबरल संघटनेने वॉर्डावॉर्डांत याद्या केल्या आणि कुठल्या वॉर्डाने कुठल्या दोघांना मत द्यायचं ते ठरवून दिलं. 1868 मध्ये तिन्ही जागा लिबरलांच्या. 'सांगितलं तसं मत द्या' ही घोषणाच होती. पुढे जोसेफ चेंबरलेन याच यंत्रणेच्या जोरावर मोठे झाले. बूथप्रमुख नावाचा प्राणी आपल्याकडेच जन्मला असं मानणाऱ्यांसाठी ही माहिती.

आणि याची काळी बाजूही याच शहरात दिसली. 2004 मध्येही बर्मिंगहॅममध्ये हद्दी बदलल्या होत्या, म्हणून त्या वर्षी तिन्ही जागांची एकदम निवडणूक झाली. टपाली मतदान तेव्हा नुकतंच सगळ्यांना मोकळं झालं होतं. एका पाकिटात तीन मतं. अ‍ॅस्टन आणि बोर्डस्ले ग्रीन या दोन वॉर्डांत टपाली मतांचा एवढा घोटाळा निघाला की 2005 मध्ये निवडणूक न्यायालयाने निकाल रद्द केले, आणि न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी 'बनाना रिपब्लिकलाही लाज वाटेल' असे उद्गार काढले. सगळ्या जागा एकदम पणाला लागतात तेव्हा जिंकण्याचं मोल वाढतं, चोरीचंही.

2018 ला असं काही झालं नाही. 3 मे, गुरुवार. तिथे निवडणूक गुरुवारीच असते. त्याआधीच्या वर्षी शहरात कचऱ्याचा संप झाला होता, काळ्या पिशव्यांचे ढीग कोपऱ्याकोपऱ्यावर, आणि त्यातच पालिकेचे नेते जॉन क्लॅन्सी यांना सप्टेंबरमध्ये पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी इयन वॉर्ड आले. हद्दी नव्या, नेता नवा, लोक चिडलेले. मजूर पक्षाला फटका बसेल असा अंदाज बांधणारे बरेच होते.

निकाल: मजूर पक्ष 67, हुजूर पक्ष 25, लिबरल डेमोक्रॅट 8, ग्रीन 1. आता हे जुन्या सभागृहाशी ताडून बघा. तिथेही मजूर पक्ष दोन तृतीयांशाच्या आसपास होता, हुजूर पक्ष पाव, लिबरल डेमोक्रॅट एक दशांशाच्या मागेपुढे. एवढा खटाटोप करून तराजूचा काटा जेमतेम हलला. काही जण म्हणाले, मग केलं कशाला? मी म्हणतो, रेषा पक्षाला विचारून मारली नव्हती याची यापेक्षा चांगली पावती कुठली?

खरी मारामारी निकालाआधी, पक्षांच्या बंद खोल्यांत झाली. 19 जागा कमी झालेल्या. जुन्या वॉर्डातले तिघे, नव्या वॉर्डात जागा एक किंवा दोन. एकाच पक्षाचे विद्यमान नगरसेवक एकमेकांसमोर उमेदवारीसाठी उभे. 2016 मध्ये चार वर्षांसाठी निवडून आलेल्यांना तर दोनच वर्षं मिळाली.

तो एक ग्रीन नगरसेवक कुठला, ते पाहण्यासारखं आहे. ड्रुइड्स हीथ आणि मॉनीहल, शहराच्या दक्षिण टोकाचा, एका जागेचा वॉर्ड. पालिकेच्या घरांची वसाहत, उंच मनोरे, दुरुस्तीच्या तक्रारी. ग्रीन पक्षाची मतं सुशिक्षित, सायकलवाल्या भागांतून येतात अशी समजूत असते, आणि बर्मिंगहॅममधली पहिली जागा मिळाली ती इथे. 26 हजार लोकसंख्येच्या जुन्या वॉर्डात हे टोक बुडून गेलं असतं. सात हजार मतदारांत एक माणूस दार न दार ठोठावू शकतो. 2022 मध्ये, याच वॉर्डांवर झालेल्या दुसऱ्या निवडणुकीत, ग्रीन दोन झाले, लिबरल डेमोक्रॅट 12, मजूर पक्ष 65, हुजूर 22.

नगरसेवकाचं काम बदललं म्हणालो ते असं. तिघे होते तेव्हा वाटणी असायची. एक समित्यांत रमणारा, एक शाळांच्या मंडळांवर, एक रस्त्यावरचा. तिघांतला एक आळशी निघाला तरी लोकांना पत्ता लागत नसे. आता 37 वॉर्डांत एकटा माणूस. तो आजारी पडला की वॉर्ड पोरका. पण काम कुणी केलं नाही हे विचारायला दुसरं नाव उरत नाही. त्यात तो पूर्णवेळ पगारी नाही, भत्त्यावर काम करतो, बऱ्याच जणांची दिवसा नोकरी असते. संध्याकाळी ईमेल, शनिवारी ग्रंथालयात लोकांच्या तक्रारी ऐकायला दोन तास. माझ्या ओळखीच्या एका नगरसेवकाने मला सांगितलं की पूर्वी बाजारात लोक हसून जायचे, आता थांबवून खड्डा दाखवतात.

हे चांगलं की वाईट, यावर माझं मत चांगलंकडे झुकतं. पण सप्टेंबर 2023 मध्ये याच पालिकेने पैसे संपल्याची कायदेशीर नोटीस काढली, तेव्हा खड्डा दाखवणाऱ्याला द्यायला त्या एकट्या माणसाकडे काय होतं, हा प्रश्न राहतोच. त्यावर आणि 'एक तृतीयांश' पद्धतीवर तुम्हाला काही विचारायचं असेल तर आता विचारा. नकाशा इथे टेबलावर ठेवला आहे, जुना आणि नवा दोन्ही.