टोळ आले ते कुठून

मे २०२०. लॉकडाऊन चालू, त्यात मोर्शी, वरूड, काटोल या विदर्भातल्या संत्रा पट्ट्यात टोळधाड उतरली. लोकं थाळ्या-डबे बडवत बगिच्यात, कोणी धूर केला, पाठोपाठ अग्निशमनच्या गाड्या फवारणीला. टोळ दिवसा वाऱ्यासोबत उडते, दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर सहज, अन् संध्याकाळी झाडावर बसली की सकाळी ऊन लागून अंग तापेपर्यंत हलत नाही, म्हणून फवारणी रात्री नाहीतर पहाटेच. टॉर्च मारला की फांदी गुलाबी दिसायची, कोवळी टोळ गुलाबी असते, वयात आली की पिवळी. (गुलाबी रंगाशी आपलं जमतच नाही राजेहो, २०१७ ला कापूस खाल्ला ती बोंडअळी पण गुलाबीच.)

राजस्थानातून आली, मध्य प्रदेशातून आली, एवढं न्यूजमध्ये दाखवलं. पण सुरुवात दोन वर्षं आधीची, अरबस्तानातली. २०१८ च्या मे महिन्यात मेकुनू अन् ऑक्टोबरात लुबान, अशी दोन चक्रीवादळं रुब अल खालीच्या वाळवंटावर कोसळली, एरवी जिथं पाऊस जवळपास नसतोच तिथं वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी साचली. टोळाच्या मादीला अंडी घालायला ओली वाळू पाहिजे, ती मिळाली, बघायला माणूस नाही, पिढीवर पिढी निघाली अन् मग येमेन, इराण, पाकिस्तान. अरबी समुद्र तापतोय तशी तिथली वादळं वाढतायत. समुद्र तिकडे तापला, पानं गेली काटोलात.

टोळ तरी पाहुणी, खाऊन गेली. बाकीचे जीव बिऱ्हाडच हलवतायत. जगभरचा हिशोब काढला तर जमिनीवरच्या प्रजाती दर दहा वर्षांत सरासरी १७ किलोमीटर ध्रुवांकडे सरकतायत, समुद्रातल्या ७२. काही डोंगर चढतात, इथिओपिया अन् कोलंबियात गरम वर्षी मलेरिया वरच्या गावांपर्यंत पोचतो, जिथं तो आधी फारसा नव्हता. हजार मीटर वर गेलं की पारा साधारण सहा अंश उतरतो ना. आपल्याकडे तेवढी उंची म्हणजे मेळघाटात, चिखलदऱ्याला, तिथं कॉफी होते. खाली वऱ्हाड सपाट, गारवा शोधत निघालेल्या जिवाला लांब जावं लागेल, मधे नुसतं कापसाचं वावर, गावं अन् हायवे.

अन् संत्र्याचं झाड कुठी जाईल? आंबिया बहाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याला, हिवाळ्याची थंडी लागते, थंडीनंच झाडाला ताण बसतो अन् मग फूट निघते. थंडी बरोबर पडली नाही की फुलोरा मागेपुढे, फळ धरलं तरी मे महिन्याच्या उन्हात गळ सुरू. बरं, झाडं लावल्यावर पहिलं पीक यायलाच चार-पाच वर्षं, तोवर बोअर, ड्रिप, कर्ज सगळं त्याच वावरात रुतलेलं, दुसरं काही लावू म्हणणं बोलायला सोपं आहे. व्यापारी बगिचा उक्ता घ्यायला येतो तो झाडाखाली पडलेली फळं पाहूनच भाव पाडतो, त्याला मेकुनू-लुबान सांगून काय उपयोग.