आधी कोरा कागद, मग पुस्तक

मित्रहो, नाशिकमध्ये वाचनाविरुद्ध बोलायला कुणी उभं राहणार नाही, मीही राहिलेलो नाही. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणारं हे गाव आहे. माझं म्हणणं वाचणाऱ्यांसाठीच आहे. आपण भरपूर वाचतो, पण वाचलेल्यावर विचार करायला वेळच ठेवत नाही. एक पुस्तक मिटलं की दुसरं उघडतो. मग अमका काय म्हणतो, तमका काय म्हणतो, हे घडाघडा सांगता येतं. ‘तुला काय वाटतं?’ असं कुणी विचारलं की गाडी अडते.

रामानुजन यांचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. कुंभकोणमला शाळेत असताना, १९०३ च्या सुमारास, कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचं एक जाडजूड गणिताचं पुस्तक त्यांच्या हाती आलं. त्यात हजारो सूत्रं होती, सिद्धता मात्र फारशा नव्हत्या. दुसऱ्या कुणी ती सूत्रं पाठ केली असती. रामानुजन पाटी घेऊन बसले. कागद परवडत नसे, म्हणून पाटीवर मांडायचं, कोपराने पुसायचं, पुन्हा मांडायचं आणि हाती लागलेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरवायचा. पुस्तकाने जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी स्वतः शोधलं. याची किंमतही त्यांना मोजावी लागली. त्यांनी शोधलेलं बरंचसं युरोपात आधीच सापडलेलं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून पुस्तकं हवीतच. प्रश्न आहे तो आधी काय, याचा.

अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलामुलींना मी कळकळीने सांगतो, पुस्तक उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या. समजा, विषय पुराचा आहे. गोदेचं पाणी तुम्ही लहानपणापासून बघताय. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं, यावरून पूर केवढा हे सांगणारी आपली माणसं. मग लिहा ना! गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी किती आणि शहरातल्या नाल्यांनी आणलेलं किती, हे वेगळं कसं काढाल? धरणातून विसर्ग नसतानाही पाणी चढतं का? काठावर सिमेंट झालं, तर जिरायचं पाणी कुठे गेलं? चुकेल, अर्धवट राहील, चालेल. नंतर पुस्तक उघडा. आता तुम्ही लेखकाशी बोलाल. त्याने जलविज्ञानाची व्याख्या दिली की तुम्ही म्हणाल, ‘ते ठीक, पण माझ्या नाल्यांचं काय?’ असं विचारणारा वाचक मला हवा आहे. परीक्षेत त्याचं उत्तर चारचौघांसारखं नसेल, आणि उद्या तो अधिकारी झाला तर फाइलवरचा आधीचा शेरा पुन्हा उतरवून सही करणार नाही.

वेळ कुठून आणायचा? वाचनातूनच काढा. दोन तास वाचत असाल तर दीड तास वाचा. उरलेला अर्धा तास फोन घरी ठेवून चालायला जा, नाहीतर खिडकीशी नुसते बसा. सुरुवातीला काही सुचणार नाही, चुळबुळ होईल, हात पुन्हा पुस्तकाकडे जाईल. तेवढा वेळ निभावून न्या. डोक्यातला दुसऱ्यांचा आवाज ओसरायला थोडा अवधी लागतोच.